व्यापाऱ्याची ई-मेल पेटी : पत्र अडते कोठे?

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवून घेणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका कारखानदारांना गेल्या हंगामात नागपूरहून फोन आला. "भाई, दर द्यायचा नसेल तर नाही म्हणून कळवायचे. दोनदा पत्र टाकले, उत्तर नाही. शेवटी माल दुसरीकडून उचलला." या गृहस्थांनी ते पत्र पाहिलेच नव्हते. दिवसातून दहा वेळा मोबाईलवर ई-मेल उघडणारा हा माणूस. घरी पुतण्याने संगणकावर बसून, ज्या कंपनीकडून दुकानाच्या नावाचे डोमेन घेतले होते तिच्या संकेतस्थळावर जाऊन पेटी उघडली, तेव्हा 'जंक' नावाच्या एका कप्प्यात दोन्ही पत्रे जशीच्या तशी सापडली. त्याच कप्प्यात चेन आणि बटणे पुरवणाऱ्याचे बिल होते, ट्रान्सपोर्टवाल्याची पावती होती, आणि सोबत परदेशी लॉटरी लागल्याची शेकडो पत्रे. हा कप्पा आहे हेच चार वर्षांत कोणाला ठाऊक नव्हते.

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी अलीकडच्या वर्षांत स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले आहे. व्हिजिटिंग कार्डावर दुकानाच्या नावाचा ई-मेल पत्ता असला की समोरच्यावर छाप पडते, आणि मोठ्या कंपन्यांची खरेदी खाती तसा पत्ता पाहिल्याशिवाय पुरवठादाराची नोंदही करून घेत नाहीत. पण नाव विकणारी कंपनी नावाबरोबर एक-दोन ई-मेल पेट्या फुकट किंवा नाममात्र दराने देते, तेव्हा त्या पेटीच्या दारावर एक पहारेकरीही बसवते. तो कोणाला आत सोडतो, कोणाला बाहेरून परत लावतो आणि कोणाला मागच्या खोलीत बसवून ठेवतो, हे मालकाला कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्या पहारेकऱ्याची ओळख करून घ्यायची आहे.

नोंदवही एकीकडे, टपाल दुसरीकडे

उल्हासनगरचा पत्ता बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. कॅम्प, सेक्शन, बॅरेक नंबर! दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बॅरेकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि पत्त्याची ती पद्धत तशीच राहिली. दुकानाची पाटी कितीही मोठी असो, पोस्टमन बॅरेक नंबर पाहतो. डोमेनचेही असेच आहे. दुकानाचे नाव ही पाटी. ती कोणाच्या मालकीची, हे ज्याच्या वहीत नोंदलेले असते तो रजिस्ट्रार. आणि या नावाचे टपाल कोणत्या यंत्रावर नेऊन टाकायचे, हे सांगणारी जी नोंद असते तिला एमएक्स नोंद म्हणतात. तोच आपला बॅरेक नंबर. नाव एका कंपनीकडे ठेवून टपाल दुसऱ्या कंपनीकडे ठेवता येते. बहुतेकांना हे ठाऊक नसते, म्हणून दोन्ही एकाच्याच हाती राहतात. रजिस्ट्रारचा मूळ धंदा नावांच्या नोंदणीचा. टपाल हा त्याचा जोडधंदा, आणि जोडधंद्याकडे लक्ष बेताचेच.

पहारेकरी हवाच कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा ई-मेल पत्ता असलेली माणसे हातावर मोजण्याजोगी होती. पण नकोशा पत्राचा जन्म त्याच्याही आधीचा. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी जाहिरातीचे पत्र पाठवले. त्यावर ओरड झाली, पण मालही खपला, आणि रोग तेथूनच लागला. अशा पत्राला पुढे 'स्पॅम' हे नाव पडले. ते मुळात अमेरिकेत १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाच्या डब्याचे नाव आहे. वस्तू नकोशी का, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आज पहारेकरी नसेल तर पेटी आठवड्यात निकामी होईल. त्याच्या असण्याबद्दल आमची तक्रार नाही. तो मुका आहे, ही तक्रार आहे.

अडवण्याच्या तीन रीती

पहिली रीत म्हणजे दारातूनच परत पाठवणे. पाठवणाऱ्याच्या यंत्राचा क्रमांक काळ्या यादीत असेल, तर पत्र घेतलेच जात नाही. अशा याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाऊस सर्वांत परिचित. या रीतीत निदान पाठवणाऱ्याला 'पत्र पोचले नाही' असा उलट निरोप मिळतो. तो इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेला असतो, म्हणून लोक न वाचताच काढून टाकतात, ही गोष्ट निराळी. याच रीतीचा सौम्य प्रकार म्हणजे अनोळखी यंत्राला 'थोड्या वेळाने या' म्हणणे. सचोटीचे यंत्र काही मिनिटांनी पुन्हा येते, स्पॅमवाला सहसा येत नाही. बँकेचा सांकेतिक क्रमांक ई-मेलवर उशिरा पोचतो आणि तोवर त्याची मुदत संपलेली असते, त्याचे कारण पुष्कळदा हेच.

दुसरी रीत मागच्या खोलीची. पत्र आत घेतले जाते, त्याला गुण दिले जातात, आणि ठराविक गुणांच्या वर गेले की 'जंक' किंवा 'स्पॅम' कप्प्यात टाकले जाते. गुण कशाचे? विषयाच्या ओळीत 'अर्जंट' असणे, मजकूर थोडा आणि जोडपत्र मोठे असणे, झिप फाईल असणे, पाठवणाऱ्याच्या नावाची खूण न पटणे, असे बरेच काही. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने शब्दांच्या शक्यता मोजून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडणारा निबंध लिहिला आणि त्यानंतर गाळण्यांना शिकवता येऊ लागले. मालकाने 'हे स्पॅम नाही' असे दहा वेळा दाखवले की गाळणी सुधारते. पण जो कप्पा कोणी उघडतच नाही, तेथे तिला शिकवणार कोण?

नागपूरच्या पत्रांचे असेच झाले. आमच्या कारखानदारांच्या मोबाईलवर पेटी 'पॉप' पद्धतीने जोडलेली होती. ही पद्धत जुनी. ती फक्त मुख्य कप्प्यातील टपाल उचलून आणते. इतर कप्पे सर्व्हरवर आहेत हे मोबाईलला कळतच नाही. 'आयमॅप' पद्धतीने जोडले की सगळे कप्पे दिसतात. बदल पाच मिनिटांचा. पण रजिस्ट्रारच्या माणसाने फोनवर जी पद्धत सांगितली ती यांनी चार वर्षांपूर्वी लावली, आणि विषय तेथेच संपला.

तिसरी रीत सर्वांत वाईट. पत्र दारात घेतले जाते, पाठवणाऱ्याला 'पोचले' म्हणून सांगितले जाते, आणि आत नेऊन गुपचूप नष्ट केले जाते. ना परतीचा निरोप, ना जंक कप्पा. ई-मेलच्या दळणवळणाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. १९८९ मध्ये त्यांना जी पुरवणी जोडली गेली, तीत स्पष्ट म्हटले आहे की एकदा पत्र स्वीकारले की ते पोचवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या यंत्रावर येते आणि क्षुल्लक कारणाने ते हरवता कामा नये. स्वस्त सेवेत हा नियम किती पाळला जातो, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. म्हणून पेटी घेतानाच विचारावे : तुम्ही एखादे पत्र न कळवता नष्ट करता काय? कोणत्या गुणांनंतर? ती मर्यादा मला बदलता येते काय?

शेजाऱ्याचे पाप आपल्या माथी

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतील एका यंत्रभाग बनवणाऱ्यांचा अनुभव उलट दिशेचा. त्यांना पत्रे येत होती, पण त्यांची दरपत्रके पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराकडून परत येऊ लागली. आपले काय चुकले ते कळेना. परत आलेला निरोप एका जाणकार मुलाला दाखवला तेव्हा उलगडा झाला : सर्व्हर काळ्या यादीत. स्वस्त सेवेत एका सर्व्हरवर शेकडो ग्राहक राहतात, जसे एका गाळ्यात अनेक पोटभाडेकरू. त्यांपैकी एकाने '१२३४५६' असा पासवर्ड ठेवला, तो चोरांच्या हाती लागला, एका रात्रीत त्याच्या नावाने हजारो स्पॅम पत्रे गेली आणि साऱ्या गाळ्यालाच टाळे लागले. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला तर उत्तर एकच, "आमच्या बाजूने सर्व व्यवस्थित आहे."

अशा वेळी नुसते 'मेल जात नाही' म्हणून उपयोग नाही. परत आलेला निरोप पूर्ण जोडावा, पाठवल्याची तारीख-वेळ आणि दोन्ही पत्ते द्यावेत, आणि त्या पत्राची सर्व्हरवरील नोंद दाखवा, असे लेखी मागावे. या नोंदी फार दिवस ठेवल्या जात नाहीत, म्हणून आठवडाभर रागावून बसू नये, त्याच दिवशी तक्रार टाकावी. स्पॅमहाऊसच्या यादीतून नाव काढायला पैसे पडत नाहीत. पण बिघाड दूर करून तशी विनंती सर्व्हरच्या मालकाने करायची असते, आपण नव्हे. यंत्रभागवाल्यांनी तीन आठवडे पाठपुरावा केला आणि शेवटी टपाल दुसरीकडे हलवले. नाव जुन्याच कंपनीकडे राहिले, पत्ताही तोच राहिला. खरेदीदाराला बदल झाल्याचे समजलेसुद्धा नाही.

बदलापूरच्या मसाले पॅकिंग करणाऱ्या एका गृहस्थांची अडचण याहून नाजूक. त्यांनी दुकानाच्या पत्त्यावर येणारे टपाल आपोआप जीमेलवर पुढे जाईल अशी सोय केली होती. किरकोळ गिऱ्हाइकांची पत्रे येत, पण बँकेची आणि मोठ्या कंपन्यांची येत नसत. त्यांना वाटले, बड्यांना आपल्याशी काम नको. खरे कारण खुणेचे होते. मोठ्या संस्था जाहीर करून ठेवतात की आमच्या नावाची पत्रे अमुक यंत्रांवरूनच निघतील; या नोंदीला एसपीएफ म्हणतात. शिवाय पत्रावर डीकेआयएम नावाची अदृश्य मोहोर असते. आणि दोन्ही खुणा पटल्या नाहीत तर पत्राचे काय करायचे, हे सांगणारी नोंद म्हणजे डीमार्क. तिचे स्वरूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आता बँकेचे पत्र बदलापूरच्या पेटीत येऊन तेथून पुढे गेले, तर जीमेलच्या दारात ते बँकेच्या यंत्राकडून नव्हे, रजिस्ट्रारच्या यंत्राकडून येते. एसपीएफ पटत नाही. मोहोर शाबूत राहिली तर पत्र तरते. वाटेत कोणी 'व्हायरस तपासला' अशी ओळ खाली चिकटवली की मोहोरही तुटते. बँकेची आज्ञा 'खूण न पटल्यास नाकारा' अशी असेल, तर पत्र गेलेच. जेवढी संस्था मोठी आणि सावध, तेवढे तिचे पत्र अडण्याची शक्यता जास्त! यावर उपाय म्हणजे टपाल पुढे न ढकलता मूळ पेटीच आयमॅपने मोबाईलवर जोडणे.

याच खुणा आपल्याही नावाला लावाव्या लागतात. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या, आणि लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी असावीच लागते. आपली स्थिती पाहणे सोपे आहे. दुकानाच्या पत्त्यावरून स्वतःच्याच जीमेलवर पत्र पाठवावे, संगणकावर ते उघडून 'शो ओरिजिनल' वर टिचकी मारावी. तिन्ही नोंदींपुढे 'पास' असेल तर ठीक. नसेल तर त्या पानाचे चित्र काढून रजिस्ट्रारला पाठवावे. टपाल दुसऱ्या कंपनीकडे हलवल्यावर जुनी एसपीएफ नोंद बदलायची राहून जाते, ही तर नेहमीची चूक.

रजिस्ट्रारच बुडतो तेव्हा

आतापर्यंत गाळणीच्या चुका पाहिल्या. पण दार आणि घर दोन्ही एकाच्याच हाती दिल्याचा परिणाम देशाने २०२० आणि २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाहिला. नेट४इंडिया ही आपल्या देशातील जुन्या, नावाजलेल्या नोंदणी कंपन्यांपैकी एक. तिच्याविरुद्ध २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पुढे ग्राहकांना नावाचे नूतनीकरण करता येईना, दुसरीकडे जायचे तर लागणारा सांकेतिक क्रमांक मिळेना, फोन कोणी उचलेना. अनेक धंद्यांची संकेतस्थळे आणि ई-मेल बंद पडली. डोमेनच्या कारभारावर जागतिक देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे तक्रारींचा ढीग लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयकॅनने नेट४इंडियाची मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली, आणि त्याच वर्षी तिच्याकडील डॉट कॉम वगैरे नावे पब्लिक डोमेन रजिस्ट्री या कंपनीकडे सोपवण्यात आली. ही कंपनी मूळची मुंबईच्या डायरेक्टी समूहातील, म्हणजे तुराखिया बंधूंनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातील; २०१४ मध्ये ती अमेरिकन मालकांकडे गेली.

नावे वाचली, पण पेट्या वाचल्या असे नाही. नवी कंपनी फक्त नोंदवही उचलते. जुन्या सर्व्हरवरची पत्रे उचलणे तिच्या कामात बसत नाही. ज्यांनी टपाल वेगळीकडे ठेवले होते किंवा संगणकावर प्रत उतरवून ठेवली होती, त्यांचा पत्रव्यवहार राहिला.

रजिस्ट्रारची स्वतःची पत्रेही गाळणीत अडतात, ही त्यातली गंमत. डॉट कॉमसारख्या नावांना लागू असलेल्या आयकॅनच्या नियमांप्रमाणे नोंदणीनंतर मालकाचा ई-मेल किंवा फोन पडताळावा लागतो. पडताळणीच्या पत्राला १५ दिवसांत उत्तर गेले नाही तर नाव स्थगित होऊ शकते. ते पत्र जंकमध्ये, आणि सोळाव्या दिवशी दुकान बंद! तसेच मुदत संपण्यापूर्वी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशी दोन स्मरणपत्रे पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. पण नोंदीत मालकाचा पत्ता म्हणून त्याच डोमेनचा पत्ता दिला असेल, तर नाव बंद पडल्यावर पुढची सूचना पोचणार कोठे? किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावे तसा हा प्रकार. नोंदणीला नेहमी निराळा, स्वतःच्या हातातला पत्ता द्यावा, आणि तो संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाचा नसावा.

उलट बाजूने, खोटी स्मरणपत्रेही येतात. मे २०१८ पर्यंत डॉट कॉम नावाच्या मालकाचा पत्ता, फोन, ई-मेल जाहीर नोंदीत सर्वांना सरसकट दिसत असे. त्या काळात गोळा झालेल्या याद्या आजही फिरत आहेत. 'तुमच्या नावाचे चिनी डोमेन दुसरी कंपनी घेत आहे, ताबडतोब उत्तर द्या' हे पत्र तर इतक्यांना आले आहे की त्यात कोणाला विशेष वाटू नये. नूतनीकरण करायचे ते रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर आपण होऊन जाऊन. पत्रातील दुव्यावरून कधीही नाही.

कायद्याच्या दृष्टीने 'पोचले' म्हणजे काय

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम १३ सांगते की, दोन्ही पक्षांत निराळे ठरले नसेल तर, ज्याला पत्र पाठवले त्याने जी पेटी नेमून दिली आहे तिच्यात ते शिरले की ते पोचले. वाचले की नाही, कोणत्या कप्प्यात गेले, याची पृच्छा त्यात नाही. लेटरहेडवर छापलेला पत्ता आपणच जगाला दिलेला. त्याच्या जंक कप्प्यात पडलेले पत्रही आपल्यापर्यंत पोचलेले असे समोरचा वकील म्हणेल, आणि त्याचे म्हणणे सहज खोडता येणार नाही. मालात खोट असल्याची तक्रार, करार रद्द केल्याची सूचना, सारे यात आले.

जीएसटीचे तर अधिकच स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १६९ नोटीस बजावण्याच्या ज्या रीती देते त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर पाठवणे ही एक रीत आहे. आपल्याकडे कित्येकांच्या नोंदणीत कर सल्लागाराचाच पत्ता असतो, तोही जुन्या सल्लागाराचा. आपल्या नोंदणीत कोणता पत्ता आहे तो आजच पाहावा; पोर्टलवर तो बदलता येतो. आणि पत्ता दुकानाच्या डोमेनचा असेल तर ते डोमेन चालू ठेवणे आता नुसत्या छापेचा प्रश्न राहिला नाही.

गाळणी फार सैल ठेवली तरी धोका आहेच. 'आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यावर टाका' असे ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येते. पत्ता जवळजवळ तोच, फक्त इंग्रजी 'एम' अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले. चाळिशी लावूनही फरक दिसत नाही. चोराने स्वतःच्या त्या नकली नावाला एसपीएफ, डीकेआयएम सर्व व्यवस्थित लावलेले असते, म्हणून पहारेकरी त्याला सलाम करून आत सोडतो. येथे यंत्र कामाचे नाही. खाते बदलल्याचे पत्र आले की जुन्या, आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून मालकाचा आवाज ऐकावा. पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता असते, पुढे ती कमी होत जाते.

कॅम्प पाचच्या आमच्या कारखानदारांनी आता पुतण्याकडे एक काम दिले आहे. रोज दुपारी जेवणाआधी त्याने जंक कप्पा उघडायचा, कामाचे पत्र असेल तर 'स्पॅम नाही' म्हणून दाखवायचे आणि चाचांना फोन करायचा. पहिल्या महिन्यात अशी नऊ पत्रे निघाली, दुसऱ्या महिन्यात दोन. नागपूरचे गिऱ्हाईक अजून परतलेले नाही. पुढच्या हंगामाचे दर त्यांना ई-मेलने पाठवले आहेत आणि पाठोपाठ फोनही केला आहे.